टीसकाठची वहिवाट

इंग्लंडच्या उत्तर भागात, पेनाइन पर्वतरांगेच्या उंच माळांवरून उतरणारी टीस नदी हाय फोर्स नावाच्या ठिकाणी एका काळ्या कड्यावरून सुमारे २१ मीटर खाली कोसळते, आणि तो प्रपात पाहण्याच्या दोन रीती आहेत : उत्तर तीरावरून पाहावयाचा तर तिकीट काढावे लागते, दक्षिण तीरावरून पाहावयाचा तर कोणी काही मागत नाही. ज्याचे सारे आयुष्य महसूल खात्यात, म्हणजे बांध, हद्द, मोजणी आणि रस्ता अडवल्याच्या तक्रारी यांच्या सहवासात गेले, त्याला ही बातमी ऐकून जे कुतूहल वाटेल ते प्रपाताच्या कितीही रसाळ वर्णनाने वाटावयाचे नाही. मिडल्सबरो येथे डॉक्टरकी करणाऱ्या माझ्या भाच्याने मला तिकडे नेण्याचा बेत केला, तेव्हा पाण्याच्या उंचीविषयी एक शब्दही न विचारता मी या दुहेरी व्यवस्थेची खोदून खोदून चौकशी केली, त्यावर "मामा, तुम्ही सुटीवर आला आहात की जमाबंदीला?" असा प्रश्न त्याने केला, आणि भाचेसुनेने हसू लपविण्यासाठी पाठ फिरवली.

मे महिना सरत आला होता. बार्नार्ड कॅसलचा पडका किल्ला आणि त्याच्या आश्रयाने वाढलेली बाजारपेठ मागे टाकून रस्ता टीसच्या खोऱ्यात शिरला की झाडी विरळ होऊ लागते, शेतांचे बांध जाऊन त्यांच्या जागी चुन्यावाचून रचलेल्या दगडी गडग्यांच्या रेषा डोंगरावर चढू लागतात, आणि त्या रेषा जेथे संपतात तेथून वर नुसता तपकिरी, ओला, निर्वृक्ष माळ क्षितिजापर्यंत पसरलेला दिसतो. मिडलटन हे या वरच्या खोऱ्याचे मुख्य गाव. १८६८ साली येथपर्यंत आगगाडी आली आणि शहरातील माणसे धबधबा पाहण्यासाठी लोटू लागली. १९६४ साली ती उतारूंसाठी बंद झाली. आता मोटार नसेल त्याने बसच्या वेळापत्रकावर श्रद्धा ठेवावी.

परंतु मिडलटन हे मुळात प्रवाशांचे गाव नव्हे, ते शिशाचे गाव आहे. १६९२ ची सनद असलेली आणि क्वेकर पंथीयांच्या हातात असलेली लंडन लेड कंपनी या डोंगरांतून दीर्घकाळ शिसे काढीत होती, आणि तिच्या उत्तरेकडील कारभाराचे दप्तर या गावात होते. कंपनीने कामगारांना घरे बांधून दिली, शाळा काढली, ग्रंथालय दिले, आणि कामगारांच्या मुलांनी शाळेत गेलेच पाहिजे असा दंडकही घातला. मायबाप सरकार हा शब्दप्रयोग खऱ्या अर्थाने लागू पडावा अशी ती कंपनी होती, आणि मायबाप सरकारचे गुणदोष दोन्ही तिच्या ठायी असावेत. स्पेनचे स्वस्त शिसे बाजारात आले, भाव कोसळले, आणि १९०५ साली कंपनीने आपला येथील पसारा आवरला. मागे राहिल्या त्या डोंगरावरच्या जखमा. माथ्यावर मातीचा बांध घालून पाणी साठवावयाचे आणि मग तो बांध फोडून त्या लोंढ्याने उतारावरची माती खरवडून काढावयाची, म्हणजे खालची धातूची शीर उघडी पडते, अशी खाणकामाची एक जुनी रीत येथे होती. तिने पाडलेल्या घळी आजही लांबून दिसतात, आणि अनभिज्ञ माणूस त्यांना निसर्गनिर्मित समजून त्यांची छायाचित्रे घेतो.

मिडलटनच्या पुढे उत्तर बाजूच्या उतारावर पांढरी शुभ्र घरे दिसू लागतात, आणि ती सगळी एकाच रंगात कशी, हा प्रश्न कोणालाही पडावा. ही रेबी जहागीर. मालक लॉर्ड बार्नार्ड. त्यांचा गढीवजा वाडा खाली स्टेनड्रॉप गावाजवळ आहे, आणि खोऱ्यातील कुळांच्या घरांना चुना लावण्याची चाल पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. दंतकथा अशी सांगतात की या घराण्याचा एक पूर्वज वादळी रात्री माळावर वाट चुकला, आपल्याच कुळाचे घर समजून त्याने एक दार ठोठावले, ते घर दुसऱ्याच्या मालकीचे निघाले आणि तेथे त्याची उपेक्षा झाली. तेव्हा आपली घरे अंधारातही ओळखू यावीत म्हणून सर्वांना सफेदी करण्याचा हुकूम सुटला. कथा खरी असो वा नसो, मिळकतीची निशाणी म्हणून ही युक्ती आमच्या हद्दीच्या दगडांपेक्षा सरस आहे, कारण हद्दीचा दगड रात्रीतून सरकविता येतो.

बोलीज येथे मोटार ठेवून आम्ही वैरणीच्या कुरणांतून नदीकडे उतरलो. ही कुरणे म्हणजे या खोऱ्याचे वैभव होय. हिवाळ्यातील वैरणीसाठी राखलेल्या या गवतात वसंतानंतर गुरे सोडीत नाहीत, आणि कापणी जुलैच्या मध्यापर्यंत लांबविली जाते, त्यामुळे फुलांचे बी पडून जाण्यास अवधी मिळतो. परिणामी गवतापेक्षा फुलेच जास्त की काय असे वाटावे अशी पिवळी, जांभळी, पांढरी दाटी तेथे होते. कुरणाच्या मधून जाणारी पायवाट इतकी अरुंद राखलेली आहे की एकामागून एक चालावे लागते, आणि लोक तसेच चालतात. शेतकऱ्याचे गवत तुडवू नये, एवढी एकच पाटी; तिच्याखाली दंडाची रक्कम लिहिलेली नव्हती आणि तरीही गवत उभे होते.

कुरणांच्या टोकाला विंच ब्रिज नावाचा झुलता पूल लागतो. अठराव्या शतकात, १७४१ च्या सुमारास, शिशाच्या खाणीतील मजुरांनी नदी ओलांडावी म्हणून येथे लोखंडी साखळ्यांवर फळ्या टाकून पहिला पूल बांधला गेला. युरोपातील झुलत्या पुलांत तो अगदी आद्य समजला जातो. सध्याचा पूल १८३० सालचा. एका वेळी एकानेच जावे अशी सूचना तेथे आहे, म्हणून भाचा पलीकडे पोचेपर्यंत मी अलीकडे थांबलो, आणि त्या अवकाशात लो फोर्स हा धाकटा धबधबा निवांतपणे पाहून घेतला. पाच-साडेपाच मीटरांची ती उडी. नदी तेथे अनेक शाखांनी फुटून खडकांच्या पायऱ्यांवरून येते आणि पाण्याचा रंग माळावरच्या कुजट मातीमुळे तांबूस तपकिरी असतो. आमच्याकडे असे पाणी पाहून पुराची शंका येईल. येथे ते निर्मळ समजले जाते, आणि ते निर्मळच असते.

पूल ओलांडला की मुलूख बदलतो. १९७४ पर्यंत हा दक्षिण तीर यॉर्कशायरमध्ये मोडत असे, म्हणजे झुलत्या पुलाच्या मध्यावर परगण्याची शीव होती. जहागीरही निराळी : होलिक गावाभोवतीचा बराचसा माळ स्ट्रॅथमोर घराण्याचा, म्हणजे इंग्लंडच्या दिवंगत राजमातेच्या माहेरचा. तथापि नदीकाठाने वर जाणारी वाट मात्र कोणाच्याही मर्जीवर अवलंबून नाही. ती पेनाइन वे नावाच्या दीर्घ पायवाटेचा एक तुकडा आहे. टॉम स्टीफन्सन नावाच्या पत्रकाराने १९३५ साली एका लेखात या वाटेची कल्पना मांडली आणि ती प्रत्यक्षात उतरून उघडण्यास १९६५ साल उजाडले. इंग्लंडच्या मधल्या डोंगराळ मुलखातून निघून स्कॉटलंडच्या शिवेत शिरेपर्यंत २६८ मैल, आणि त्यांतील पावलापावलावर कोणा ना कोणाची मालकी. ती तीस वर्षे कशात गेली असतील हे ज्याने चार आण्यांच्या बांधावरून दोन सख्ख्या भावांचे वैर पाहिले आहे त्याला सांगावयास नको.

मला येथे क्षणभर थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. इंग्लंडमध्ये लोक एखाद्या वाटेने उघडपणे, अडथळ्यावाचून वीस वर्षे जात-येत राहिले, तर मालकाने ती वाट लोकांना दिली असे कायदा गृहीत धरतो. १९४९ च्या एका कायद्याने प्रत्येक परगण्याला अशा सर्व वाटांचा निश्चित नकाशा तयार करावयास लावले, आणि त्या नकाशावरची रेघ हाच पुढे पुरावा झाला. आपल्याकडील १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्यातही वीस वर्षांचीच मुदत आहे. तो कायदा ज्यांनी लिहिला त्यांच्या डोळ्यांसमोर अशाच गवताळ वाटा असतील, आणि आम्ही तो बाभळीच्या सावलीत बसून, मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याच्या जोडीने, ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांना लावीत आलो. फरक एवढाच की आमच्या तालुक्यात वहिवाटीचा रस्ता नकाशावर असतो तेव्हा जमिनीवर नसतो, आणि जमिनीवर असतो तेव्हा नकाशावर नसतो. येथे दोन्हीकडे एकच वाट आहे, आणि गडगा आडवा आला की त्यात दगडी पायऱ्या बसविलेल्या असतात. त्या ओलांडताना माझे गुडघे कुरकुरले, पण मन प्रसन्न झाले.

हे सर्व सौजन्याने घडले असे मात्र कोणी समजू नये. १९३२ साली डर्बीशायरमधील किंडर स्काउट या माळावर, जहागीरदारांच्या राखणदारांना न जुमानता, मँचेस्टरकडच्या तरुण कामगारांचा जमाव शिरला आणि त्यांपैकी काहींना तुरुंगवास घडला. बड्या लोकांच्या शिकारीचे पक्षी बिथरतात, या सबबीवर लाखो कामगारांना डोंगर बंद होता. मालक नसलेल्या जनतेला मोकळ्या माळावर हवे तसे फिरण्याचा हक्क २००० सालच्या कायद्याने मिळाला. दक्षिण तीरावर माझ्याकडे कोणी पैसे मागितले नाहीत याचे श्रेय या साऱ्या खटाटोपाला आहे, नदीला नाही.

वाट पुढे ज्युनिपरच्या झुडपांत शिरते. ठेंगणी, काटेरी, काळपट हिरवी ही झुडपे इंग्लंडमध्ये एवढ्या संख्येने इतरत्र क्वचितच आहेत. परंतु अलीकडे त्यांना मुळे कुजविणारा एक रोग लागला आहे आणि तो पायांच्या चिखलातून पसरतो, म्हणून बुटांचे तळवे घासून पुढे जावे अशी विनंती तेथे केलेली आढळते. आम्ही मुकाट्याने बूट घासले. रानाच्या पलीकडे पाण्याचा घोष वाढू लागला, डाव्या हाताचा उतार ओसरला, उजवीकडे एकाएकी जमीन संपली, आणि आम्ही हाय फोर्सच्या माथ्याशी येऊन उभे राहिलो.

सह्याद्रीच्या पोटी जन्मलेल्या माणसाला २१ मीटरांचे अप्रूप ते काय? ठोसेघरचा प्रपात ज्याने श्रावणात पाहिला आहे त्याने येथे येऊन उंचीची भाषा करू नये; खुद्द इंग्लंडमध्येही वेन्स्लीडेलमधील हार्ड्रॉ फोर्सची एकसंध उडी याहून अधिक आहे, तरी हाय फोर्सला देशातील सर्वोच्च म्हणण्याची सवय अनेकांना जडली आहे. हाय फोर्सचे वैशिष्ट्य उंचीत नाही. आमचे धबधबे बहुधा ओढ्यांचे असतात आणि दिवाळीपर्यंत आटतात. येथे एक सबंध नदी, बाराही महिने, काही हात रुंदीच्या खाचेतून घुसते आणि कड्यावरून खाली जाते. पडणाऱ्या पाण्यापेक्षा पडण्यापूर्वीचे पाणी मला अधिक पाहत राहावेसे वाटले. कठड्याचे नाव नाही, दोरीचे नाव नाही. मालक जी सावधगिरी घेईल ती घेईल, पण वहिवाटदाराने आपला जीव आपण सांभाळावा, असाच त्या तीराचा न्याय आहे.

आणि तो काळा पाषाण! मी त्यावर हात ठेवला तेव्हा परक्या मुलखात एखादा भाऊबंद भेटावा तसे मला झाले. भूगर्भशास्त्र्यांनी याला विन सिल असे नाव दिले आहे. सुमारे २९.५ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून वर आलेला तप्त रस येथे पृष्ठभागापर्यंत पोचलाच नाही. चुनखडी आणि वालुकाश्म यांच्या आडव्या थरांमध्ये शिरून, त्यांना फाकवून, तो अंधारातच पसरला आणि सावकाश थिजला. त्याचा झाला डोलेराइट. आमचा दख्खनचा बसाल्ट त्याच कुळातला, पण वयाने फार लहान, अवघा ६.६ कोटी वर्षांचा, आणि स्वभावाने उघडा : तो जमीन फोडून बाहेर आला, थरावर थर वाहत गेला, आणि आमचे गड, लेणी, टाकी, घाटाचे कातळ हे सारे त्याच्यात घडले. जो दख्खनी रस बाहेर येऊ न शकता भेगांतच अडकला, त्याच्या भिंती तापीच्या खोऱ्यात आणि कोकणात उभ्या आहेत, आणि त्या डोलेराइटच्याच आहेत. विन सिलही अशाच भिंतीसारख्या कड्यांच्या रूपाने उत्तर इंग्लंडभर जागोजाग वर येते; रोमन बादशहा हेड्रियन याने आपला तट बांधला तो काही अंतर याच कातळाच्या धारेवरून, आणि बँबरोचा किल्ला उभा आहे तोही याच कातळावर. राज्यकर्त्यांना सर्वत्र काळ्या दगडाचा मोह पडतो, मग ते रोमचे असोत वा रायगडचे.

माथ्यावरचे पाहून झाल्यावर आम्ही नदीकाठाने काही अंतर परत आलो, होलिक हेड येथील पुलावरून उत्तर तीरावर गेलो, आणि सडकेवरच्या हॉटेलपाशी रीतसर तिकीट काढले. दोन्ही बाजू पाहिल्यावाचून निकाल देऊ नये, हा शिरस्ता. रेबी जहागिरीची ही पायवाट झाडीतून, हलक्या उताराने, जपून राखलेली, दगड पडलेला उचललेला, बसावयास बाके ठेवलेली अशी आहे, आणि ती पाहुण्याला थेट प्रपाताच्या पायथ्याशी आणून सोडते. येथे मला निकाल जहागीरदाराच्या बाजूने द्यावा लागत आहे. माथ्यावरून नुसते पाणी आणि नुसता काळा कातळ दिसतो. खालून त्या प्रपाताचे सारे गुपित उघडे पडते. वरच्या दोन-तृतीयांश भागात उभ्या भेगांनी चिरलेला, खांबांची रांग भासावी असा डोलेराइट, आणि त्याच्या खाली, एखाद्या जाणत्याने पट्टी लावून रेघ ओढावी इतक्या स्पष्टपणे वेगळे झालेले, चुनखडी, वाळूचा खडक आणि शेल यांचे फिकट, मऊ, आडवे थर. पाणी हे मऊ थर आधी कोरते. वरचा कठीण कातळ निराधार होतो, भेगांवरून सुटतो आणि ढासळतो. धबधबा तेवढा मागे सरकतो. असे मागे सरकत सरकत त्याने खाली अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांबीची घळ कोरून ठेवली आहे, आणि तिच्या तळाशी आपण उभे असतो. म्हणजे हाय फोर्सची हद्द दर पिढीला थोडी थोडी वर जाते, आणि तिची मोजणी मागण्याची कोणाची छाती नाही.

टर्नर हा चित्रकार १८१६ साली येथे आला होता आणि त्याने हा प्रपात रेखाटला. तो उन्हाळा युरोपच्या स्मरणात ‘उन्हाळा नसलेले वर्ष’ म्हणून राहिला आहे, कारण आदल्या वर्षी इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखी फुटून त्याच्या धुराळ्याने सूर्य मंदावला होता. यॉर्कशायरच्या त्या दौऱ्यात टर्नर पावसात सतत भिजला. हाय फोर्सला पाणी मात्र भरपूर मिळाले असेल. आम्हाला मिळाले ते बेताचे. कड्याच्या दुसऱ्या बाजूने उतरणारी प्रपाताची जी जोडधार पूर्वी मोठ्या पाण्यात दिसे, तिची जागा कोरडी होती. "पाणी वर अडवले आहे," भाचा म्हणाला. ते वर जाऊन पाहणे आता क्रमप्राप्त झाले.

लँग्डन बेकच्या पुढे सडक सोडून आम्ही माळावर चढलो. येथे गडगे संपतात, झाड दिसत नाही, आणि डोळ्याला धरावयास काही उरत नाही. टिटवीच्या जातीचे, डोक्यावर तुरा असलेले पक्षी गाडीवरून ओरडत गेले. त्यांच्या ओरडण्यातला संशय मला थेट आमच्या माळरानातला वाटला. या भूमीला रानटी म्हणण्याची पद्धत आहे, पण मला तीत एक वीतही बेवारस दिसली नाही. हेदर नावाचे जे खुरटे झुडूप माळभर पसरते, ते ग्राउज पक्ष्यांना कोवळे कोंब मिळावेत म्हणून पट्ट्यापट्ट्यांनी, पाळीपाळीने जाळले जाते. ग्राउजची शिकार १२ ऑगस्टला सुरू होते आणि १० डिसेंबरला संपते, आणि त्या हंगामाच्या उत्पन्नावर माळाचा बराच हिशेब चालतो. सामायिक कुरणांत कोणाची किती मेंढरे चरावीत याची संख्या ठरलेली. काळ्या तोंडाच्या, पांढऱ्या नाकपुड्यांच्या, शिंगे वळलेल्या स्वेलडेल मेंढ्या कुंपणावाचूनही आपापल्या डोंगरभागातच चरतात, कारण कोकरू ती हद्द आईच्या मागे फिरताना शिकते. म्हणून जमीन विकली वा खंडाने दिली तरी कळप बहुधा जमिनीबरोबरच राहतो. रस्त्यात भेटलेल्या एका मेंढपाळाला मी सांगितले की आमचे धनगर पावसाळा संपला की शेकडो मेंढ्या घेऊन घाटमाथ्यावरून कोकणात उतरतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी परत येतात. त्याने फार वेळ विचार करून विचारले, "आणि वाटेतले शेतकरी काही म्हणत नाहीत?" मी म्हटले, म्हणतात, पण लेंड्यांचे खत मिळते म्हणून कळप शेतात बसवून घेतात आणि वर धान्य देतात. हा करार त्याला फार पसंत पडला.

काउ ग्रीन हा जलाशय सुमारे ७७० एकरांचा आहे, आणि त्याच्या काठाने विडीबँक फेलच्या पायथ्यातून धरणापर्यंत डांबरी वाट गेलेली आहे. या वाटेच्या कडेला, सहज पायाखाली यावीत अशी, मी काही फुले पाहिली. स्प्रिंग जेन्शियन : बोटाच्या पेराएवढे रोप, त्यावर पाच पाकळ्यांचे एकच फूल, आणि रंग असा की निळा या शब्दाने आजवर आपली फसवणूकच झाली असे वाटावे. ब्रिटनमध्ये हे फूल केवळ या वरच्या टीसखोऱ्यात आढळते. बर्फयुग ओसरल्यावर सर्वत्र उगवलेल्या शीतप्रदेशीय वनस्पती पुढे अरण्ये वाढली तेव्हा सावलीत गुदमरून गेल्या. येथे मात्र त्या टिकल्या, आणि त्याचे कारण पुन्हा तो काळा पाषाण आहे. त्या तप्त रसाने शेजारची चुनखडी भाजून काढली आणि तिचा संगमरवर झाला. तो संगमरवर झिजून त्याचे साखरेसारखे दाणे सुटतात, आणि त्या निकृष्ट, कोरड्या, भुसभुशीत मातीत झाडे मूळ धरीत नाहीत. थंडी आणि मेंढ्यांची दाढ यांनी उरलेले काम केले. आमच्याकडे पोटखराबा म्हणून जिची नोंद झाली असती, अशा जमिनीवर दहा हजार वर्षांपूर्वीची एक सबंध वसाहत कुळकायद्यावाचून नांदत आहे.

या वसाहतीचा काही भाग पाण्याखाली आहे. टीसच्या मुखाजवळ बिलिंगहॅम आणि विल्टन येथे इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीचे अवाढव्य कारखाने होते, त्यांना अमोनियाच्या नव्या उत्पादनासाठी पाणी हवे होते, आणि उन्हाळ्यात टीसचे पाणी अपुरे पडे. म्हणून वर धरण बांधून नदीत हवे तेव्हा पाणी सोडावे अशी योजना पुढे आली. वनस्पतिशास्त्रज्ञांनी बंड केले. संरक्षण समिती स्थापन झाली, वृत्तपत्रांत पत्रे आली, पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या समित्यांपुढे साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या, आणि एवढे होऊन १९६७ साली कायदा मंजूर झाला. १९७१ पर्यंत धरण उभे राहिले. दुर्मीळ फुलांची सुमारे २० एकर जमीन बुडाली. पाण्याखाली जाणाऱ्या वनस्पतींच्या अभ्यासासाठी कंपनीने एक लाख पौंड दिले. हे सारे वाचताना माझ्या मनात जो विचार आला तो लिहिल्यावाचून राहवत नाही. मीही एका धरणाच्या भूसंपादनाच्या कामावर होतो, आणि तेथे गावे बुडाली. त्या गावांच्या वतीने उलटतपासणी घेण्यास कोणी बॅरिस्टर उभा राहिला नाही. हरकती आम्ही एका सकाळी मारुतीच्या पारावर ऐकल्या आणि दुपारी त्यांचा गोषवारा केला. टीसखोऱ्यातील फुले हरली हे खरे, पण हरण्यापूर्वी त्यांचे म्हणणे ज्या तपशिलाने ऐकले गेले, त्या तपशिलाचा मला हेवा वाटला.

पुढची हकीकत अधिकच चमत्कारिक आहे. टीसमुखाचे उद्योग असेच वाढत राहतील या हिशेबाने नॉर्थंबरलंडमध्ये किल्डर येथे याहून पुष्कळ मोठा जलाशय बांधण्यात आला आणि तेथील पाणी टीसपर्यंत आणण्यासाठी डोंगरांतून बोगदा काढला गेला. उद्योग वाढले नाहीत, आटले. रेडकारची पोलादाची भट्टी २०१५ साली विझली. काउ ग्रीनचे पाणी मात्र अजून मोजून सोडले जाते, आणि हाय फोर्सला किती गर्जना करावयाची ते थोड्याफार अंशाने वरच्या दरवाजांवर ठरते. पूर्वी वर ढगफुटी झाली की खाली पात्रात पाण्याची भिंत येई आणि खोऱ्यातील लोक तिला भिऊन असत. आता ते भय पुष्कळ कमी झाले आहे.

धरणाच्या पायाशीच कॉल्ड्रन स्नाउट. जलाशयातून सुटलेली टीस येथे त्याच काळ्या कातळावरून सुमारे १८० मीटर लांबीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या घसरणीने खाली जाते, आणि हाय फोर्सच्या एका उडीपेक्षा मला ही घुसळण, ही आपटणी, हा प्रत्येक वळणावर नवा संताप, अधिक भावला. मागे करड्या काँक्रीटची भिंत दिसत असताना हे म्हणवत नाही, पण म्हणतो. खडक बुळबुळीत होते. भाच्याने माझा दंड धरला होता आणि मी तो सोडवून घेतला नाही. खाली मेझ बेक हा ओढा येऊन मिळतो, त्याला कोणी अडवलेले नाही.

"मामा," भाचा म्हणाला, "ही फाइल तुमच्यापुढे आली असती तर काय केले असते?"

मी खरे तेच सांगितले. स्थळपाहणी केली असती, फुलांचा पंचनामा केला असता, संरक्षण समितीला पुरती मुदत दिली असती, आणि शेवटी सही केली असती. १९६७ साली कारखान्याच्या पाण्यापुढे वीस एकर गवताची बाजू माझ्या हातून टिकली नसती.

"आणि हरकतदार कोण असता?"

"तू असतास," मी म्हटले, "आणि तुझी हरकत मी सविस्तर कारणे नमूद करून फेटाळली असती."